विषय: रोझमेरी तिसऱ्यांदा गेली, पाणी नेमकं कसं घालायचं?

प्रेषक: कारेलीबाग, बडोदे

नमस्कार मंडळी,

२२ वर्षं कॅलिफोर्नियात काढून आम्ही दोघं गेल्या वर्षी बडोद्याला परत आलो. तिथे दारापुढे रोझमेरीचं कंबरेएवढं कुंपण होतं. त्याला मुद्दाम पाणी घातल्याचं मला आठवतही नाही. इथे अगाशीवर कुंडीत लावली तर दीड वर्षात तीन रोपं गेली. पहिलं मेमध्ये, दुसरं जुलैत, तिसरं आत्ता गणपतीत. दर वेळी शेंडे तपकिरी होतात, मी पाणी वाढवते, आणि पंधरा दिवसांत रोपाच्या नुसत्या काड्या उरतात. हे तर कमी पाण्यावर जगणारं झाड ना? मग इतकं जपूनही का मरतं?

लेक दिवाळीला येतेय. घरच्या रोझमेरीवर भाजलेले बटाटे तिला करून घालायचे आहेत. कुणीतरी नीट सांगा.

*

प्रेषक: मेलबर्न

ताई, इथे रोझमेरी कुठेही दिसते. २५ एप्रिलच्या अ‍ॅन्झॅक दिनाला, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, लोक तिची डहाळी छातीला लावतात, कारण पहिल्या महायुद्धात इथले सैनिक जिथे लढले त्या तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या रानात ती आपोआप उगवते. माझं झुडूप अंगणात नऊ वर्षं आहे, उन्हाळ्यातही मी पाणी घालत नाही. तुम्ही आठवड्यातून एकदाच घाला आणि बाकीचे दिवस तिकडे बघू नका.

*

प्रेषक: दांडिया बाजार, बडोदे

ताई, नमस्कार.

मेलबर्नच्या दादांचा अनुभव खरा आहे, पण तो जमिनीतल्या झुडपाचा. जमिनीत मुळं खोल जाऊन ओल शोधतात. आठ इंची कुंडीत त्यांनी जायचं कुठे? कमी पाण्यावर जगण्याची ताकद मुरलेल्या मुळांची असते. कुंडीतली रोझमेरी पूर्ण सुकली तर मरते, तुमचं मे महिन्यातलं रोप कदाचित तसंच गेलं असेल. पुढची दोन मात्र मला पाण्याने गेलेली वाटतात. मी ११ वर्षं गॅलरीत हे झाड लावतोय आणि माझी पहिली चार रोपं अशीच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे झाड भूमध्य समुद्राकाठचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. कॅलिफोर्नियातही तसंच, म्हणून तुमचं कुंपण आपसूक वाढलं. आपल्याकडे सगळं उलटं. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे माती गरम असतानाच ती चिंब होते. मुळांना हवा लागते, आणि पाण्याने भरलेल्या मातीत हवेला जागाच उरत नाही. मुळं गुदमरतात, त्यांना कूज लागते. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून खाली ओल असूनही वर शेंडे वाळतात. आपण म्हणतो, तहानलंय, आणि आणखी एक तांब्या ओततो. ताई, तुम्ही जपलंत म्हणूनच ते गेलं, हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण माझ्या हातूनही हेच झालं होतं.

एक पान उलटं करून बघा. कडा खाली वळलेल्या आणि पोटाला पांढुरकी लव दिसेल. पानाची रंध्रं त्या लवेखाली असतात, त्यामुळे पाणी फार उडत नाही. मग कुंडीतली ओलही तुळशीच्या कुंडीपेक्षा जास्त दिवस टिकते. शिवाय तुळस तहानली की मान टाकते, पाणी घातलं की तासाभरात उभी राहते. रोझमेरीचं पान कडक, ते मान टाकत नाही. आपल्याला कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून किती दिवसांनी, हे विचारूच नका. कुंडी उचलून बघा. माझी मातीची आठ इंची कुंडी पाणी दिल्यावर सहा किलोच्या आसपास भरते, पाच किलोवर आली की मी पुन्हा देतो. सुरुवातीला मी घरच्या वजनकाट्यावर ठेवत असे, आता हातालाच कळतं. वजन करायचं नसेल तर बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. आणि द्याल तेव्हा सावकाश, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. रोज घोट घोट दिलं तर वरचा थर कायम ओला राहतो आणि तळाची मुळं कोरडी. पानांवर शिंपडू नका. खाली बशी असेल तर ती रिकामी करा.

माझ्याकडे मेमध्ये एक दिवसाआड लागतं, थंडीत आठ-दहा दिवसांनी, आणि भर पावसाळ्यात कधी कधी तीन आठवडे काहीच नाही. पण तुमची अगाशी वेगळी, ऊन वेगळं, तेव्हा हे आकडे तसेच्या तसे उचलू नका.

एक विचारू? तुमची कुंडी तुळशीशेजारी आहे का?

*

प्रेषक: कारेलीबाग, बडोदे

काका, तुमचा मेल वाचून मी तशीच अगाशीवर गेले. कुंडी तुळशीला लागूनच आहे! सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि तांब्यात उरलेलं शेजारच्या कुंडीत ओततात. वर मीही संध्याकाळी घालतच होते. रोप उपटून पाहिलं. वरची माती कोरडी, पण मधोमध नर्सरीतल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा जसाच्या तसा, दाबला तर पाणी गळलं. मुळं काळपट, आणि ओढल्यावर त्यांची साल हातात आली. एकच फांदी अजून हिरवी आहे. सासूबाईंना सांगितलं तर त्यांना फार चुटपुट लागली.

*

प्रेषक: दांडिया बाजार, बडोदे

आईंना सांगा, त्यांनी प्रेमाने घातलं, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. नुसती कुंडी दुसऱ्या कठड्यावर हलवा, जिथे सकाळचं ऊन मिळेल आणि पागोळी पडणार नाही.

ती हिरवी फांदी आजच कापा. चार बोटं लांबीचे तुकडे करून खालची पानं काढा आणि ओलसर जाड रेतीत सावलीत खोचा. तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतील. सगळेच धरत नाहीत, म्हणून चार-पाच लावा. दिवाळीला ती बटाट्यांपुरती होणार नाहीत, तेवढ्यापुरती डहाळी माझ्याकडून घेऊन जा.

मुळं आली की निम्मी बागेची माती आणि निम्मी जाड रेती, त्यात मूठभर गांडूळखत. कुंडी लहानच घ्या, कारण मोठ्या कुंडीतली रिकामी माती ओल धरून बसते. नवीन रोप आणलंत तर दसऱ्यानंतर आणा आणि मुळांभोवतीचं कोकोपीट हलक्या हाताने झाडून काढा. ते फार सुकलं तर पाणी पीतच नाही, कडेने वाहून जातं. तसं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवून मग निथळू द्या. आणि पहिले दोन महिने तिला कोवळी समजा, तेव्हा माती पूर्ण कोरडी होऊ देऊ नका.

रविवारी सकाळी मी घरीच आहे, कात्री घेऊन या.