होकार बैठकीआधी मिळवा
'बैठकीत सगळे माना डोलावतात, नंतर काम कुणीच हलवत नाही' ही तक्रार बऱ्याच जणांची असते. चारचौघांत नाही कोण म्हणणार? ज्यांच्यावर काम पडणार त्यांना आधी एकेकटं गाठा, दहा मिनिटं पुरतात. 'यात तुमची अडचण कुठे होईल?' एवढंच विचारा आणि निघालेली दुरुस्ती त्यांच्या नावानिशी मसुद्यात घाला. मागणीही नेमकी हवी: 'जरा बघाल का' नव्हे, तर 'गुरुवारी दुपारपर्यंत पहिले दोन रकाने तपासून द्याल का'. उशीर झाला की लगेच त्यांच्या साहेबांना ईमेलच्या सीसीत (प्रत जाणाऱ्यांच्या यादीत) टाकायची खोड मात्र सोडा (फार फोफावलीय ती). काम एकदा होतं, पुढच्या वेळी फोनच उचलला जात नाही. प्रकरण साहेबांपर्यंत न्यायचंच झालं तर त्यांना सांगून न्या.