कॅमेऱ्यातून लिनक्सवर फोटो: केबल सोडा, कार्ड रीडर घ्या

दांडियाबाजार (धागा सुरू करणारा)
बडोद्यात गरब्याच्या नऊ रात्री फोटो काढणाऱ्यांनी कॅमेरा केबलनं संगणकाला जोडणं बंद करावं, असं माझं ठाम मत आहे. उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) केबल लावली की फाइल मॅनेजर आधीच कॅमेऱ्याचा ताबा घेतो. मग जीफोटो2 (कॅमेऱ्यातून फोटो उतरवणारा प्रोग्रॅम) चालवलं की यूएसबी उपकरण मिळत नाही म्हणून अडतं, आणि लोक केबल बदलत बसतात. खरा उपाय म्हणजे फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीतला कॅमेरा अनमाउंट करणं, म्हणजे त्याचा ताबा सोडवणं. त्यापेक्षा एसडी कार्ड काढा, त्यावर काही लिहिलं-पुसलं जाऊ नये म्हणून कडेची लॉकची खिट्टी सरकवा, रीडरमध्ये घाला आणि फोटो असतात तो डीसीआयएम फोल्डर कॉपी करा. सेकंदाला 30 एमबी धरले तर यूएसबी 2 च्या केबलनं 32 जीबीला 18 मिनिटं लागतात. यूएसबी 3 रीडर आणि 90 एमबीनं वाचलं जाणारं कार्ड असेल, तर 6.

मांडवी
वेगाचा हिशेब मान्य, सल्ला नाही. रोज कार्ड काढून-घालून खाचा आणि झाकण झिजतं. सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डाच्या कॅमेऱ्यात तर 50 पिना असतात, कार्ड तिरकं गेलं की एखादी वाकलीच. केबलनं जीफोटो2 ला ‘स्किप एक्झिस्टिंग’ (आधीच असलेले वगळ) सांगा, फक्त नवे फोटो उतरतात. कॅमेरा मध्येच बंद पडू नये म्हणून ऑटो पॉवर ऑफची वेळ वाढवा.

दांडियाबाजार
तिथंच तर फोटो जातात! ते फक्त नाव बघतं. फाइलच्या नावातला क्रमांक 9999 झाला की कॅमेरा पुन्हा 0001 देतो, आणि जीफोटो2 सगळे फोल्डर एकाच ठिकाणी ओततं. त्या नावाची जुनी फाइल तिथं असेल तर नवा फोटो उतरतच नाही. दोन कॅमेरे असतील तर पहिल्याच रात्री हा घोळ.

मांडवी
म्हणून उतरवतानाच नावात तारीख-वेळ घालायची आणि मूळ क्रमांकही ठेवायचा, कारण बर्स्टमध्ये (बटण दाबून धरून सलग फोटो काढताना) एका सेकंदात सात-आठ फोटो निघतात. तुमच्या रीडरलाही हेच लागू आहे. दोन कार्डं एकाच फोल्डरात ओतली की तोच प्रकार.

रावपुरा
तुम्ही दोघं वाटेवरून भांडताय, पण फोटो नीट पोचले का ते कोणी बघत नाही. कॉपी झाल्या झाल्या चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, दोन प्रती ताडायचा आकडा) काढला तर फाइल बहुधा रॅममधूनच वाचली जाते, डिस्कवर काय उतरलं ते कळत नाही. बाहेरची डिस्क अनमाउंट करून काढा, पुन्हा लावा, मगच कार्डाशी ताडून बघा. आणि मंडळाच्या जुन्या संगणकावर 64 जीबीचं कार्ड उघडलंच नाही तर कार्डाला दोष देऊ नका. 64 पासून पुढची एसडी कार्डं एक्सफॅट या फाइल-पद्धतीची असतात. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) त्याची सोय 5.4 पासून, म्हणजे 2019 मध्ये आली आणि नीट झाली ती 5.7 ला. त्याआधीच्या कर्नलवर एक्सफॅट-फ्यूज हा वेगळा प्रोग्रॅम टाका.

मांडवी
ताडून बघण्याचं शंभर टक्के पटलं. केबल मात्र सोडणार नाही.

दांडियाबाजार
ताडून होईपर्यंत कार्ड पुसायचं नाही, आणि पुसायचं तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. परत घालताना खिट्टी उघडायला विसरू नका, नाहीतर मैदानात कॅमेरा ‘कार्ड लॉक’ दाखवेल.