पीएसआय, एसटीआय की एएसओ: पसंतीक्रम लावताना नक्की काय बघायचं?

लिंबाचा_पार

मामेभाऊ गट ब ची मुख्य परीक्षा देऊन निकालाची वाट बघतोय. पेपर बरे गेलेत, त्यामुळे घरात आता एकच विषय: पहिला पसंतीक्रम कुठला? ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. एमपीएससीच्या या परीक्षेतून पोलीस उपनिरीक्षक, राज्यकर निरीक्षक आणि मंत्रालयातला सहायक कक्ष अधिकारी अशी पदं भरतात. बोलताना पीएसआय, एसटीआय, एएसओ. तिन्ही अराजपत्रित, तिघांची वेतनश्रेणी एकच, एस-14, मूळ पगार 38,600 पासून. पीएसआयला मैदान (शारीरिक चाचणी) आणि मुलाखत आहे, बाकी दोघांना नाही.

म्हणजे पगारावरून काही ठरत नाही. मग ठरतं कशावरून? सदाशिव पेठेतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभे राहा, कळेल. पीएसआय म्हणजे वर्दी. एसटीआय म्हणजे 'वरचं' (डोळा मिचकावून). एएसओ म्हणजे मुंबईत भाडं भरून मरायचं, पण शनिवार-रविवार सुट्टी. सकाळी अकरा वाजता त्या माणसाच्या समोर टेबलावर काय पडलेलं असतं, हे एकही जण विचारत नाही.

मी राज्यकर खात्यात आहे, म्हणून त्यातलंच सांगतो. धाडी, जप्त्या वगैरे जे डोक्यात असतं ते एसटीआयच्या हातात नसतं. जीएसटी कायद्यात तपासणी किंवा झडतीसाठी सहआयुक्त किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं अधिकारपत्र लागतं. आमचा दिवस जातो विवरणपत्रं आणि ई-वे बिलं ताडण्यात, जुन्या व्हॅटच्या थकबाकीमागे लागण्यात, आणि नोंदणीच्या अर्जात दिलेल्या पत्त्यावर खरंच गोदाम आहे की बंद शटर, हे बघून येण्यात. ज्याला आकड्यांत विसंगती दिसली की चैन पडत नाही त्याला हे काम आवडतं. बाकीचे दुसऱ्या वर्षीच कंटाळतात आणि खात्यात राहून राज्यसेवेची पुस्तकं उघडतात.

भाऊ पीएसआय पहिला लावणार म्हणतो. हा मुलगा लग्नात पंगतीला वाढायला लाजतो. कारण विचारलं तर गावातल्या मागच्या पीएसआयची मिरवणूक सांगतो, जेसीबीतून गुलाल उधळला होता म्हणे. माझं मत स्पष्ट आहे: पद बघू नका, त्या पदाचं रोजचं काम बघा, आणि ते आपल्या स्वभावाला झेपतं का ते बघा. पटत नसेल तर बोला.

बार्शी_लाइट

नाही पटत. स्वभाव वगैरे पोट भरलेल्यांची चर्चा आहे राव.

2023 च्या तलाठी भरतीला जागा होत्या 4,644 आणि अर्ज आले दहा लाखांवर. त्या दहा लाखांतल्या किती जणांना सातबाऱ्याची आवड असेल? आमच्याकडं पोरगं पुण्याला जातं तेव्हा मागं एक म्हैस विकलेली असते आणि सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलेलं असतं. मेसचा डबा एकात दोघं खातात. त्याला यादीत नाव पाहिजे, बस. पसंतीक्रमाचा खेळ वरच्या नंबरवाल्यांचा. खाली कट-ऑफ जे देईल ते घ्यायचं, आणि आईनं पेढे वाटायचे. 'मला सूट होत नाही' हे वाक्य बापासमोर बोलून दाखवा एकदा.

लिंबाचा_पार

@बार्शी_लाइट, मी पद सोडा म्हणत नाहीये, क्रम लावा म्हणतोय. क्रमाला पैसे पडत नाहीत. ज्याला निवड नाहीच त्याच्याशी माझा वाद नाही. पण ज्याला आहे तोसुद्धा टपरीवर ऐकून लावतो, हे माझं दुखणं. आणि आयोगाने 'ऑप्टिंग आऊट'ची सोय दिली आहे. नको असलेलं पद निकालाआधी सोडलं तर ते खालच्या कुणाला तरी मिळतं. तुमच्याच म्हैसवाल्याला मिळेल.

बार्शी_लाइट

म्हैस माझी नव्हती. पण चालू द्या.

चौथा_मजला

मी एएसओ आहे. 'बसून खायचं पद' हे आता इतक्यांदा ऐकलंय की राग येणंही बंद झालंय.

वेळ पावणेदहा ते सव्वासहा, 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा, हे खरं. पण अधिवेशन लागलं की त्या वेळेला अर्थ राहत नाही. तारांकित प्रश्न येतात, लक्षवेधी येते, जिल्ह्यातून माहिती मागवायची, ती अर्धवट येते, फोनवर फोन, मग उत्तराचा मसुदा कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव असा वर चढवायचा आणि दुरुस्त्या घेऊन पुन्हा खाली. डिसेंबरमध्ये नागपूरची बॅग. वर बदलापूरहून लोकल, त्यावर वेगळा धागा काढता येईल.

तरीही मी हेच पद पहिलं लावलं होतं आणि आजही लावेन. कारण मला मसुदा लिहायला मनापासून आवडतं. शासन निर्णयातली एक अट ढिसाळ लिहिली गेली, तर पुढे वर्षभर छत्तीस जिल्ह्यांतून 'मार्गदर्शन व्हावे' अशी पत्रं येत राहतात. ती अट नेमकी लिहिली की पत्रं येत नाहीत. कुणी टाळ्या वाजवत नाही, तुमचं नावही कुठे नसतं. माझ्या बॅचचा एक जण याच गोष्टीने पार कोमेजला. त्याला माणसं हवी होती, समोर उभी राहिलेली, काम झाल्यावर 'साहेब, बरं केलंत' म्हणणारी. आमच्याकडे माणूस येतो तो फाइलमधून. तो हुशार होता, माझ्यापेक्षा वरच्या नंबरचा. पद चुकलं. लिंबाचा_पार यांच्याशी सहमत.

दोन_तारे

पीएसआयच्या बाजूने कुणी बोलत नाही म्हणून मीच लिहितो. आधी सांगतो, पाच दिवसांचा आठवडा आम्हाला लागू नाही, त्यामुळे उत्तर उशिरा देतोय.

धागाकर्त्याचा मूळ मुद्दाच मला मान्य नाही. स्वभाव आधी असतो आणि त्याला शोभेल ते काम शोधायचं, हे गृहीतक कुठून आलं? मी वर्गात हजेरी देताना अडखळणारा मुलगा होतो. नाशिकच्या अकादमीत भल्या पहाटे परेडला उभं राहून काही बदललं, पण खरं बदललं ठाण्यात. रात्रपाळीत पहिला आकस्मिक मृत्यू आला. विहिरीतून काढलेली बाई, बाजूला नवरा, दीर, माहेरचे, सगळे एकमेकांवर ओरडतायत आणि सगळे माझ्याकडे बघतायत. पंचनामा मलाच करायचा होता. त्या वेळी लाजायला जागाच नसते. आवाज आपोआप खाली येतो आणि ठाम होतो. आज ठाण्यात नवीन मुलं मला 'कडक साहेब' म्हणतात, घरी बायको हसते.

दुसरं. तुम्ही 'रोजचं काम बघा' म्हणता, पण ते काम जागेवर थांबतं का? 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. आता झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाला घटनास्थळी आणायचं. मी भरती झालो तेव्हाचं काम आणि आजचं काम यांत खूप फरक आहे. तुमच्या खात्यातही विक्रीकर जाऊन जीएसटी आला तेव्हा हेच झालं असणार. मग स्वभावाला जुळवायचं कशाशी, 2017 च्या आधीच्या कामाशी की नंतरच्या?

तुमच्या भावाला पीएसआय लावू द्या. लाजरी माणसं ऐकून घेतात. फिर्यादीला तेच हवं असतं.

जायकवाडी

@दोन_तारे, लिहिलंय छान, पण तुम्ही घडलात म्हणून तुम्ही इथे लिहिताय. जे घडले नाहीत ते कुठे आहेत? ते आजारी रजेवर आहेत, साइड पोस्टिंगसाठी आमदाराच्या बंगल्यावर आहेत, किंवा फिर्यादीवर खेकसतायत. माझ्या चुलत्याचा जमिनीवरून झालेल्या मारहाणीचा मामला होता. तपासी अंमलदाराला त्या कामाचा उघड तिटकारा होता. जबाब अर्धा लिहिला, साक्षीदार बोलावलेच नाहीत. ठाण्याचं नाव सांगत नाही. न जमणारं पद घेण्याची किंमत फक्त तो उमेदवार मोजत नाही, आम्ही मोजतो. या धाग्यात सगळे 'माझं करिअर, माझा स्वभाव' करतायत. समोर बसलेल्या माणसाचं काय?

सुपारीची_बाग

जायकवाडी, हा मुद्दा बरोबर. पण मला वेगळंच विचारायचंय. 'सूट होतं' हे ठरवणार कोण?

माझा निकाल लागायच्या आधीच घरी, शेजारी, क्लासमध्ये सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की मुलीला एएसओ बरं. एका जागी राहते, रात्रपाळी नाही, लग्नाला सोपं पडतं. माझ्या स्वभावाचा कुणी विचारच केला नाही, आणि बोलताना मात्र प्रत्येक जण 'तुझ्या स्वभावाला तेच शोभेल' म्हणत होता. 157 सेंमी उंचीची अट पार करून मैदान मारून आले तरी आत्या म्हणाली, बघ अजून विचार कर. मी पीएसआय पहिला लावला आणि मिळाला. काम भयंकर आहे, तक्रारही रोज करते, सोडणार नाही. लिंबाचा_पार, रागावू नका, पण पंगतीत लाजतो म्हणून भावाला एसटीआयकडे ढकलणं आणि माझी आत्या यांत मला फार फरक दिसत नाही.

लिंबाचा_पार

@सुपारीची_बाग, लागलं. म्हणून मत बदलत नाही, पण पंगतीचा पुरावा मागे घेतो, तो फुसका होता. मी ठरवू नये, त्याने ठरवावं. पण बघून ठरवावं. हा 'बघून' मी सोडणार नाही.

@दोन_तारे, जीएसटी आला तेव्हा फॉर्म बदलले, संगणक बदलले, पदाचं नाव विक्रीकर निरीक्षकाचं राज्यकर निरीक्षक झालं. बिल आणि माल जुळतो का, हे शोधायचं काम तेच राहिलं. तुमच्याकडेही चित्रीकरण वाढलं, पण विहिरीजवळची ती माणसं तशीच राहणार ना?

कोरा_चहा

तीनच पर्याय का? माझ्या खोलीतले आम्ही सगळे कृषी पदवीधर. एकालाही माती बघून खत सांगता येत नव्हतं, पण सगळ्यांना घटनेची कलमं पाठ. मी वयाची अट संपायच्या आत उठलो आणि द्राक्षवाल्यांना सल्ला देतो. पावसाळ्यात द्राक्षावर डाऊनी रोग आला की रात्री बारालाही फोन येतात. यावर कुणीच बोलत नाही, म्हणून टाकलं.

लिंबाचा_पार

त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे ज्यांनी मुख्य दिलीये त्यांच्यापुरतं बोलू.

बार्शी_लाइट

बरं, तुमचं 'बघून' मान्य केलं समजा. पोरानं बघायचं कुठं? ठाण्यात जाऊन 'जरा बसू का' म्हणायचं?

चौथा_मजला

एएसओसाठी सोपं आहे. शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय सगळ्यांना खुले आहेत. एका विभागाचे दहा सलग वाचायचे, वाचा क्रमांकापासून प्रतीपर्यंत. तिसऱ्याला झोप आली तर क्रम खाली घ्या. आठव्याला 'ही अट इथे का टाकली' असा प्रश्न पडला तर या, जागा आहे.

लिंबाचा_पार

एसटीआयसाठी एखाद्या कर सल्लागाराकडे महिनाभर बसावं, विवरणपत्रं भरायच्या गर्दीत. वीस तारीख जवळ आली की तिथे काय चालतं ते बघावं. टेबलाच्या पलीकडून दिसतं, पण काम तेच दिसतं.

दोन_तारे

ठाण्यात बसू देणार नाहीत. पण न्यायालय खुलं असतं. तालुक्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा आणि तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी ऐका. पंचनाम्यात वेळ लिहायची राहिली म्हणून वकील माणसाला कसा सोलतो ते बघा. आमच्या कामाचा निम्मा भाग तिथेच कळतो. वर्दीतला माणूस तिथे घाम पुसत उभा असतो.

लिंबाचा_पार

@दोन_तारे, तुमचं ऐकून पाठवलं त्याला. आला तो उड्या मारत. म्हणतो, त्या साहेबांनी स्थळदर्शक नकाशा धड काढला असता तर वकिलाला बोलायला जागाच उरली नसती, मी असतो तर पावलं मोजून काढला असता. रात्री जेवताना मामीला ताट-वाट्या मांडून घटनास्थळ समजावत होता. पीएसआय पहिला, एसटीआय दुसरा. मी काही बोललो नाही.

बार्शी_लाइट

मग आता कोर्टातून उठवा आणि मैदानावर धाडा त्याला. 800 मीटर पळायचंय, तिथं वकील नसतो.