रात्रभर चालण्याने स्तनाच्या कर्करोगाचे काय होणार?

टेम्सकाठ (लंडन):
लंडनमध्ये मे महिन्यातल्या एका शनिवारी मध्यरात्रीच्या सुमारास हजारो बायका, आणि काही पुरुषही, सजवलेल्या ब्रा सर्वांना दिसतील अशा घालून निघतात आणि उजाडेपर्यंत चालतात. या ‘मूनवॉक’मध्ये पूर्ण मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर किंवा त्याहून कमी अंतर चालायचे असते आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडून स्तनाच्या कर्करोगाच्या कामासाठी देणगी गोळा करायची असते. १९९६ मध्ये नीना बॅरो यांनी काही जणींसह न्यूयॉर्कची मॅरेथॉन अशाच वेशात चालून पूर्ण केली आणि त्यातून मूनवॉक भरवणारी ‘वॉक द वॉक’ ही संस्था उभी राहिली. केमोथेरपीत केस गळू नयेत म्हणून डोके थंड ठेवणारी यंत्रे तिच्या पैशातून ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत आली आहेत.

मी आईच्या जुन्या पैठणीचा काठ टाके घालून ब्रावर बसवला होता. पहाटे तीनला टेम्सवरच्या पुलावर वारा इतका झोंबत होता की सुटलेल्या काठाला पिन लावायला बोटे वळेनात. शेजारून चालणाऱ्या अनोळखी बाईने ती लावून दिली आणि विचारले, “कोणासाठी चालता आहात?” आईने गाठ सात महिने कोणालाही सांगितली नव्हती, हे मी त्या पुलावर पहिल्यांदा मोठ्याने बोलले. म्हणून मला वाटते की अशी रात्रीची पदयात्रा आपल्याकडेही व्हावी. आपले मत काय?

निवृत्त सिस्टर (ठाणे):
आपल्या आईविषयी वाचून वाईट वाटले, तरीही मी विरोधात लिहीत आहे. बत्तीस वर्षे मी वॉर्डात काढली. उशिरा आलेल्या बहुतेक जणींना गाठ आहे हे ठाऊक होते. ती दाखवायला कुठे जायचे आणि रोज बुडवून जायचे तर घरी काय सांगायचे, हे ठाऊक नव्हते. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, नव्हती. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत होत्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फरक दिसला नाही, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. हे काम हातांनी केले आहे, पायांनी नव्हे. जिला छातीचे नाव काढायलाही संकोच वाटतो, तिला ब्रा घालून रस्त्यावर बोलावले तर ती आणखी मागे सरेल.

गोदाकाठ (नाशिक):
माझी केमो चालू आहे. सिस्टरांचे म्हणणे पटते, पण त्या यंत्राविषयी त्यांनी अवाक्षरही काढले नाही, हे खटकले. पहिल्या केमोनंतर तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठले तेव्हा उशीवर केसांचा झुबका होता, आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीने काही न बोलता अभ्रा बदलला. असे यंत्र इथे मिळणार असेल तर त्यासाठी कोणी चालो, धावो, कोणत्याही वेशात येवो, माझी हरकत नाही.

निवृत्त सिस्टर (ठाणे):
आपले खरे आहे. जीव वाचवण्याच्या हिशेबात तो विचार माझ्याकडून राहून गेला.

टेम्सकाठ (लंडन):
वेशाबाबत सिस्टरांचे मी मान्य करते. नऊवारी नेसूनही चालता येईल. जमलेली देणगी आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणाला द्यावी, हेही मान्य. मात्र सेविका दारात आली असती तरी आईने “मला काही झालेले नाही” असे सांगून तिला परत पाठवले असते, याची मला खात्री आहे. घरात ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारला जात नाही तोवर तपासणीला होकार कसा मिळणार?

निवृत्त सिस्टर (ठाणे):
पहिल्या फेरीत पुष्कळ जणी परत पाठवतात. तीच सेविका दोन वर्षांनी पुन्हा दारात उभी राहिली की त्यांच्यातल्या काही जणी तिला आत बोलावतात, पाणी देतात आणि मग दार लोटून घेतात.