नाक स्पष्ट, डोळे धूसर का येतात?

एकाने विचारलंय, की ५० मिमी लेन्सने एफ १.८ वर (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं) खिडकीशी काढलेल्या काळ्या बोक्याच्या फोटोत नाक स्पष्ट आणि डोळे धूसर का. दोष लेन्सचा नाही. लहान सेन्सरच्या (एपीएस-सी) कॅमेऱ्यावर साधारण ६० सेंमी अंतरावरून एफ १.८ ला जेमतेम १ सेंमी खोलीच फोकसमध्ये राहते आणि मांजराच्या नाकाच्या टोकापासून डोळे त्याहून मागे असतात. एफ ४ ला ही खोली दोनेक सेंमी होते, एफ ५.६ ला तीनेक. मी एफ ४ ठेवून फोकसचा एकच बिंदू निवडेन, तोही जवळच्या डोळ्यावर. नाक थोडं मऊ आलं तरी चालतं, डोळा मात्र चुकता कामा नये.

शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नको, मांजर स्वस्थ बसलं तरी कान-मिशा हलतातच. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० करावा लागला तर खुशाल करा. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही.

काळ्या अंगामुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि बोका राखाडी दिसतो, म्हणून एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप कमी करा (१ स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश). पांढऱ्या मांजराला उलट.

थेट उन्हात डोळ्यांच्या बाहुल्या रेघेएवढ्या होतात. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा, बोक्याला मीटरभर आत, तोंड प्रकाशाकडे तिरकं असं बसू द्या. डोळ्यांत खिडकीची चमक दिसली की बटण दाबा. खोलीतली ट्यूबलाइट बंद हवी, नाहीतर दोन रंगांचा उजेड केसांवर मिसळतो.