मदत हवी आहे: डोंबिवलीतलं बाबांच्या नावावरचं घर विकायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके फ्लॅट आहे. बाबांनी १९९४ साली थेट बिल्डरकडून घेतलेला. कर्ज केव्हाच फिटलंय. बाबा गेल्या वर्षी गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. इमारतीला लिफ्ट नाही आणि आईला आता जिने चढवत नाहीत, म्हणून ती ताईकडे नाशिकला असते. दादा टोरांटोला स्थायिक आहे, मी बदलापूरला. घर बंद आहे. नुसता मेंटेनन्स आणि घरपट्टी भरत बसण्यापेक्षा ते विकावं आणि आईच्या नावावर काहीतरी खात्रीचं करावं, असं आम्हा भावंडांचं ठरलंय. आईचीही तयारी आहे. तिचं म्हणणं एवढंच, की नीट विका, घाई करून कुणाच्या घशात घालू नका.

दोन एजंट येऊन घर बघून गेले. दोघांच्या आकड्यांत दहा-बारा लाखांचा फरक! एक म्हणतो बाथरूम नवं करा, सगळा रंग काढा, मग भाव येईल. दुसरा म्हणतो आहे तसंच विका, घेणारा तोडफोड करणारच. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीपुढचं बाबांचं लोखंडी कपाट हलवलं तर मागे कमरेइतक्या उंचीपर्यंत ओल आहे, बोट लावलं की प्लास्टरचा पोपडा हातात येतो. हे घेणाऱ्याला आधी सांगावं की दुरुस्त करून मग घर दाखवावं?

त्यात सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले की नॉमिनी दादा आहे, तेव्हा शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर होईल आणि विकायचा अधिकार त्याचा एकट्याचा. ट्रान्स्फरच्या वेळी सोसायटीला 'डोनेशन' द्यावं लागेल, असंही बोलता बोलता सुचवलं. रीडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे, त्यामुळे शेजारचे काका म्हणतात थांबा, दोन-तीन वर्षांत दुप्पट मिळतील.

सगळ्यात आधी काय करायचं हेच कळत नाहीये. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

पिंपळपान:

ताई, रंग आणि भाव दोन्ही बाजूला ठेवा. आधी घर कुणाचं आहे हे कागदावर आणा, कारण घेणाऱ्याच्या बँकेचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा, एवढ्यापुरतंच ते नाव असतं. सहकार कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार तर नॉमिनीला फक्त तात्पुरतं सभासदत्व मिळतं, खरे वारस नोंदले जाईपर्यंत. घर बाबांच्या स्वतःच्या कमाईचं, मृत्युपत्र नाही. म्हणजे हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई आणि तुम्ही तिघं भावंडं यांचा सारखा, एक चतुर्थांश वाटा. तुमची आजी, म्हणजे बाबांची आई, हयात असेल तर तिचाही.

आता महत्त्वाचं. "सोयीसाठी" तुम्ही तिघींनी दादाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्या, असं कुणीतरी नक्की सुचवेल. करू नका. एक तर आईचा हक्काचा वाटा कागदावरून जातो. आणि दादा अनिवासी, म्हणजे घराची सगळी रक्कम त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) जाणार आणि सगळ्या रकमेवर अनिवासी म्हणून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायचा कर, कापला जाणार. चौघांनी विक्रेते म्हणून सही करा. तेवढं पुरतं.

दादाला सहीसाठी यायला जमणार नसेल तर तिथूनच तुमच्यापैकी एकीच्या नावे फक्त या घरापुरतं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून घ्या. भारतीय वाणिज्य दूतावासाकडून ते साक्षांकित करून घ्या आणि कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत लोक हटकून विसरतात.

वारसांच्या पुराव्यासाठी दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला सगळ्यात भक्कम. आपल्याकडे तो अजूनही १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो. सक्सेशन सर्टिफिकेट वेगळं, ते ठेवी, शेअर्स वगैरेंसाठी असतं. काही बँका प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस यांवर काम भागवतात, काही नाही. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून वकिलाशी हे पहिल्याच भेटीत बोला.

जुना सेक्रेटरी:

मी बरीच वर्षं आमच्या सोसायटीचं काम पाहिलंय, म्हणून सोसायटीपुरतं लिहितो.

डोनेशन हा प्रकारच नाही. सहकार खात्याच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत ट्रान्स्फर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये. हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १००, ती वेगळी. बाबांच्या नावावरून वारसांच्या नावावर होताना तर प्रीमियम लागतच नाही. सेक्रेटरींशी वाद घालू नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. लेखी विचारलं की असले आकडे कागदावर येत नाहीत.

शेअर सर्टिफिकेट मागच्या बाजूने बघा. तिथे हस्तांतरणाच्या नोंदींचा तक्ता असतो: तारीख, नोंदवही क्रमांक, अध्यक्ष-सचिव-समिती सदस्याच्या सह्या आणि शिक्का. वारसांची नोंद त्यात आली की घेणाऱ्याची निम्मी शंका तिथेच मिटते. सोबत थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. घरपट्टी आणि वीजबिलही बाबांच्या नावावर असणार, नाव बदलायचा अर्ज आत्ताच टाका.

रीडेव्हलपमेंटबद्दल: "चर्चा चालू आहे" याला काही अर्थ नाही. सोसायटीला दोन गोष्टी विचारा. जमिनीचं कन्व्हेअन्स, म्हणजे जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं, निदान मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने करून दिलं नाही तरी सरकारी आदेशाने होणारं) झालंय का? आणि ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा होऊन किमान ५१ टक्के सभासदांची संमती नोंदली गेली आहे का? जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर ते दुप्पटचं गणित विसरा. सगळं झालं असेल आणि विकासकही निवडला असेल, तर मात्र थांबण्यावर गंभीरपणे विचार करा. तरी एक बघा, वाढीव जागा मिळेल तेव्हा आईचं वय काय असेल? पैसे तिला आज हवे आहेत.

ओलावा:

मी दुरुस्तीची कामं घेतो. ताई, भिंतीला नुसता रंग मारून घर दाखवू नका. पुढच्या पावसात ती ओल परत वर येणारच. घेणारा तेव्हा राहायला आलेला असेल आणि नाव तुमचं घेईल.

आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. बाहेरच्या सामायिक पाइपातून येत असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) खर्च सोसायटीचा. बाथरूमच्या आतलं, म्हणजे फरशीचे सांधे, नहाणी ट्रॅप, भिंतीतला नळ यातलं असेल तर तुमचा. वरच्यांच्या बाथरूममधून येत असेल तर छतावरही डाग दिसतो. कमरेपर्यंतच आहे म्हणताय, म्हणजे बहुतेक तुमच्याच फरशीचं काम आहे. तेवढं वॉटरप्रूफिंग करा, भिंत पूर्ण सुकू द्या, मग प्लास्टर. बिल जपून ठेवा आणि घेणाऱ्याला दाखवा. लपवलेल्या ओलीपेक्षा दाखवलेलं बिल जास्त भाव देतं.

नव्या टाइल्स, फर्निचर यावर पैसे घालू नका, ते वसूल होत नाहीत. माळा रिकामा करा, गळके नळ बदला, प्रत्येक खोलीत चांगला प्रकाश पाडणारा दिवा लावा, खिडक्यांच्या जाळ्या धुऊन काढा. बंद घराला कुबट वास येतो, म्हणून दाखवायच्या आधी दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

भावासाठी एजंटांवर जाऊ नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे तुमच्या आणि आजूबाजूच्या इमारतींतल्या अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन मिळते, त्यात नोंदलेली रक्कम आणि क्षेत्रफळ असतं. मात्र जुन्या करारनाम्यात बिल्टअप (भिंतींसकट) लिहिलेलं असतं आणि आजचा ग्राहक कार्पेट (भिंतींच्या आतलं) विचारतो. टेप घेऊन स्वतः मोजा, म्हणजे तुलना सारख्याला सारखी होईल.

हिशेबनीस:

कराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

नफा चौघांचा वेगवेगळा, विवरणपत्रही वेगवेगळं. वारशाने आलेल्या घराला बाबांचीच खरेदी किंमत धरतात. घर २००१ च्या आधीचं असल्यामुळे १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं, फक्त ते त्या वेळच्या मुद्रांक मूल्याच्या वर नको. मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घ्या.

२३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदी किंमत महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे न वाढवता) १२.५ टक्के कर आहे. त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला इंडेक्सेशन घेऊन २० टक्क्यांचा हिशेबही करता येतो, जो कर कमी तो भरायचा. समजा २००१ चं मूल्य ६ लाख आणि विक्री ७२ लाखांना. नव्या पद्धतीने ६६ लाखांवर ८.२५ लाख. जुन्या पद्धतीत २०२४-२५ चा निर्देशांक ३६३ धरला तर खर्च २१.७८ लाख होतो आणि कर १० लाखांच्या वर जातो. म्हणजे इंडेक्सेशन गेलं म्हणून हळहळण्याचं कारण नाही, निदान या उदाहरणात तरी. हा पूर्ण घराचा आकडा आहे, प्रत्येकाच्या वाट्याला चौथा हिस्सा. सेस वेगळा.

आईला दुसरं उत्पन्न फारसं नसेल तर करमुक्त मर्यादेतला उरलेला भाग तिच्या नफ्यातून वजा होतो. दादाला अनिवासी म्हणून ती सोय नाही. तिने दोन वर्षांच्या आत दुसरं घर घेतलं किंवा सहा महिन्यांच्या आत, ५० लाखांच्या मर्यादेत, ज्यांना सगळे ५४ ईसी म्हणतात ते पाच वर्षांचे बाँड घेतले, तर तिच्या वाट्याचा कर वाचू शकतो.

एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा तुम्हा तिघींच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापेल. इथे मर्यादा एकेकीच्या वाट्याची नाही, पूर्ण घराची बघतात. दादाच्या वाट्याला ही मर्यादाच नाही. कमी दराचा दाखला आयकर विभागाकडून आधी काढला नाही, तर त्याच्या नफ्यावर नव्हे, पूर्ण वाट्यावर कर कापला जातो. त्याला आजच अर्ज करायला सांगा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीच दादाशी बोलले, हक्कसोडपत्राचा विषय आम्ही पूर्ण सोडला. आजी हयात नाही, म्हणजे वारस आम्ही चौघंच. आईला तिचा चौथा वाटा आहे हे समजावून सांगितलं, तिला ते माहीतच नव्हतं.

अजून दोन शंका. मूळ करारनामा आहे, पण नोंदणीची पावती सापडत नाही. आणि एक जण आत्ताच टोकन द्यायला तयार आहे, पण काही रक्कम रोखीने देईन म्हणतोय. घेऊ का?

पिंपळपान:

पावतीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातून करारनाम्याची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक दोन काढा. मूळ करारनामा हातात आहे, त्यामुळे बहुतेक वकील तेवढ्यावर समाधान मानतात.

रोख अजिबात नको. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढीच रक्कम दंड म्हणून भरावी लागू शकते, आणि तो रोख घेणाऱ्यावर म्हणजे तुमच्यावर बसतो. शिवाय आईला बाँड घ्यायचे किंवा घर घ्यायचं तर बँकेतलेच पैसे लागणार.

टोकनही दादाचं कुलमुखत्यारपत्र हातात येईपर्यंत घेऊ नका. माणूस खरंच इच्छुक असेल तर त्याला कागदांच्या झेरॉक्स द्या, त्याच्या बँकेच्या वकिलाकडून तपासून घ्यायला सांगा. तोवर तुमची भिंतही सुकेल.