ट्रेलर ओढताना चढावर इंजिन तापते. रेडिएटर बदलण्याआधी काय तपासावे?

प्रश्न

माझी डिझेल पिकअप वीस वर्षांहून जुनी आहे. रिकामी असताना तापमानाचा काटा मध्यावर स्थिर असतो. मात्र दीड टनाचा ट्रेलर जोडून लांब चढ चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये वेग ताशी ३० किलोमीटरच्या खाली आला की काटा लाल पट्टीकडे सरकू लागतो आणि उतार लागताच पाच-सात मिनिटांत खाली येतो. थर्मोस्टॅट व कूलंट नुकतेच बदलले असून गळती कुठेही दिसत नाही. आता रेडिएटरच बदलावा का?

प्रतिसाद १

एवढ्यात बदलू नका. मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाही गाडी तापत असती, तर मी आधी रेडिएटरच्या तुंबलेल्या नळ्यांवर संशय घेतला असता. आपली गाडी मात्र कमी वेगात आणि पूर्ण भाराखाली तापते, म्हणजे समोरून वारा मिळत नाही आणि सारी भिस्त फॅनवर असते, तेव्हा. जुन्या गाड्यांत व्हिस्कस फॅन क्लचमधील, म्हणजे इंजिनाची गती फॅनला देणाऱ्या जोडातील, सिलिकॉन द्रव कालांतराने झिरपून जातो. मग फॅन फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. इंजिन चांगले तापल्यावर ते बंद करून, किल्ली काढून फॅन हाताने फिरवून पाहा. हाताला जड लागायला हवा; सैल फिरत राहिला, तर क्लच गेला असे समजा. क्लचच्या तोंडावर तेलकट धुळीचा थर असेल, तर ती झिरपण्याचीच खूण आहे.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. त्यासोबत रेडिएटरचे झाकणही पाहावे, कारण निम्मे पाणी व निम्मे कूलंट असलेले मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते, तर सुमारे एक बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली ते १२५ अंशांपलीकडेही टिकते. झाकणाचे रबर कडक झाले की ही सवलत संपते. सकाळी थंड इंजिन सुरू करताच, पाणी कोमटही झालेले नसताना वरचा होजपाइप टणक होत असेल, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा वरचा भाग व ब्लॉक यांमधल्या सीलमधून) ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असल्याची शंका घ्यावी. झाकण गरम असताना कृपया उघडू नका. त्या वाफेने हात-तोंड गंभीर भाजते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गरम इंजिनावर फॅनला टिचकी दिली, तर तो चार फेरे सहज फिरला. एसीचा कंडेन्सर पुढे ओढला, तेव्हा त्याच्या व रेडिएटरच्या मधल्या फटीत गवताचे तूस, मेलेले किडे आणि माती यांचा गोधडीसारखा थर निघाला, जो समोरून मुळीच दिसत नव्हता. तो पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे धुतला, क्लच व झाकण बदलले. काल तोच ट्रेलर घेऊन तोच चढ चढलो. काटा मध्याच्या किंचित वर गेला, फॅनची घरघर केबिनमध्ये स्पष्ट ऐकू आली आणि काटा तिथेच थांबला.